ठाण्याच्या कचेरीपासून जव्हारच्या गादीपर्यंत

ठाण्याहून जव्हारला जाणारे बहुतेक जण भर पावसात जातात, दाभोशाचा धबधबा पाहतात, सनसेट पॉइंटवर छायाचित्रे काढतात, वेळ उरलाच तर राजवाड्याच्या फाटकापर्यंत जाऊन येतात आणि परतीच्या वाटेवर भिवंडीच्या वाहतूक कोंडीत अडकून दिवसभराचा आनंद निम्म्यावर आणतात. आम्ही गेलो ते पाऊस सरल्यावर, भातकापणीच्या दिवसांत, आणि हेतूही थोडा निराळा होता. इंग्रजी अमदानीत जव्हार हे संस्थान होते एवढे सर्वांनाच ठाऊक असते. मात्र त्या संस्थानावर देखरेख ठेवणारा पोलिटिकल एजंट म्हणजे ठाण्याचा कलेक्टरच होता, ही गोष्ट ठाण्यात जन्म काढलेल्या माणसांनाही सहसा माहीत नसते. ज्या गावात मी राहतो तिथल्या एका टेबलावरून शेजारच्या डोंगरातला एक राजा शंभराहून अधिक वर्षे सांभाळला गेला, हे एकदा कळल्यावर तो रस्ता त्या नजरेने पाहावा असे वाटू लागले.

सोबतीला माझे थोरले मेहुणे होते. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना धबधब्यांपेक्षा दप्तरांत अधिक रस आहे. कोर्टनाक्याजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयावरून गाडी पुढे गेली तेव्हा ते म्हणाले, "भावोजी, आपला प्रवास खरे म्हणजे इथूनच सुरू होतो. जव्हारच्या राजाचा कागद आधी इथे यायचा, मग मुंबई सरकारकडे, आणि प्रकरण मोठे असले तर कलकत्त्याला." वरून खाली येणारा हुकूमही याच पायऱ्या उतरत येत असणार. साष्टी आणि ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात मराठ्यांकडून घेतला, १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर उरलेले उत्तर कोकण त्यांच्या हाती आले आणि ठाणे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. जव्हारच्या वाट्याला पुढे जे काही आले त्याचे मूळ या घटनाक्रमात आहे.

ही व्यवस्था एकट्या जव्हारपुरती नव्हती. मुंबई इलाख्यातल्या कित्येक लहान संस्थानांसाठी इंग्रजांनी स्वतंत्र रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज प्रतिनिधी, नेमण्याचा खर्च केलाच नाही. शेजारच्या जिल्ह्याच्या कलेक्टरलाच पोलिटिकल एजंट ही दुसरी टोपी घातली. सुरगाण्याकडे नाशिकचा कलेक्टर पाही, जंजिऱ्याकडे कुलाब्याचा, आणि धरमपूर, वांसदा, सचिन या तीन संस्थानांकडे सुरतेचा. ठाणे एजन्सी या भारदस्त नावाखाली प्रत्यक्षात जव्हार हे एकच संस्थान होते. जमीनमहसूल, जंगल, फौजदारी, साथीचे रोग आणि दुष्काळ यांच्या कामातून वेळ काढून कलेक्टरसाहेब हिवाळी दौऱ्यात एका राजाचीही विचारपूस करत. राजाला मान होता, पण त्या मानाची मोजदाद करणारा माणूस ठाण्यात बसत होता.

भिवंडी, अंबाडी, कुडूस करत वाड्याला पोहोचेपर्यंत गोदामे आणि कारखाने सुटत नाहीत, त्यामुळे या टप्प्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. वाडा मागे पडला की मुलूख बदलतो. विक्रमगडच्या दिशेने भाताची खाचरे लागतात, मध्येच मोहाची थोराड झाडे दिसतात, आणि पुढे चढ सुरू झाल्यावर वरकस जमिनीत नागली, वरई आणि पिवळ्या फुलांची खुरासणी येते. जुन्या सरकारी वर्णनांत जव्हारचा प्रदेश कोकणच्या सपाटीपासून सुमारे हजार फूट उंचावलेले पठार म्हणून नोंदलेला आहे. घाट चढताना त्याचा अर्थ उमगतो. देहरजा, सूर्या, पिंजाळ आणि वाघ या नद्यांनी चिरलेल्या या उंचवट्यावर फौज आणणे कठीण, तोफा आणणे त्याहून कठीण, आणि आणल्याच तरी हाती लागणार काय, तर साग आणि नागली. जव्हारची गादी सहाशे वर्षे टिकली याचे श्रेय वंशाच्या पराक्रमाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र वाटते की त्यातले निम्मे तरी या चढाला द्यायला हवे.

गादीच्या स्थापनेची कथा जव्हारमध्ये आजही कोणी ना कोणी सांगतो. महादेव कोळी समाजातले जयबा मुकणे हे घराण्याचे मूळ पुरुष. त्या काळी जव्हार एका वारली नायकाकडे होते. जयबांनी त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. त्याने होकार दिल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्या एकापुढे एक जोडल्या आणि सगळा गड वेढून घेतला. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी कार्थेज नगरीच्या राणीच्या नावावर सांगितली जाते. तेव्हा तिला इतिहास म्हणता येणार नाही, परंतु तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: जमीन आधी वारल्यांची होती आणि ती युक्तीने गेली, ही आठवण राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या कथेतही पुसली गेली नाही. जयबांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. त्याची तारीख ५ जून १३४३ अशी सांगितली जाते आणि संस्थानाच्या कागदपत्रांत या घटनेपासून स्वतंत्र कालगणनाही चालवली जात असे. त्या वेळी बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख त्यांच्याकडे होता असे परंपरा सांगते. आज नकाशावर जव्हार, विक्रमगड आणि भोवतालचे डोंगर पाहिले की हा आकडा थोडा सैल हातानेच लिहिला गेला असावा असे वाटते.

गावाच्या अलीकडे शिरपामाळ लागतो. उंच माळ, वारा आणि भगवा ध्वज. १६६४ च्या जानेवारीत सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे. तेथे जमलेल्या एका कुटुंबातले वडील मुलांना ही हकिगत मोठ्या अभिमानाने सांगत होते. त्यापुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. १६७२ च्या जून महिन्यात मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले, तेथील सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला आणि विक्रमशाहाला मोगली मुलखाकडे निघून जावे लागले. मला या दोन घटनांत विसंगती दिसत नाही. सुरतेच्या वाटेवर बसलेल्या लहान राजाने मोठ्या फौजेला मान द्यायचा आणि त्या फौजेला ती वाट कायमची हवीशी झाली की गाव सोडायचे, हा त्या काळचा व्यवहार होता. शिरपेच आणि खजिना एकत्र सांगितले, तरच विक्रमशाहाची अवस्था नीट समजते.

अठराव्या शतकात मराठ्यांनी संस्थानाचे बहुतेक उत्पन्नाचे भाग काढून घेतले. १७८२ पर्यंत राजाकडे वर्षाला पंधरा ते वीस हजार रुपये उत्पन्नाचाच प्रदेश उरला होता. इंग्रज आले तेव्हा त्यांच्यापुढे उभा होता तो हा कंगाल, कर्जात आणि घरगुती तंट्यांत अडकलेला राजा. त्याला खालसा करून मिळणार काय होते? जंगल राखायला शिपाई लागले असते, डोंगरातल्या वाटा सांभाळायला चौक्या लागल्या असत्या, आणि महसूल तर जेमतेम. त्यापेक्षा राजाला राजा राहू द्यावे, वार्षिक खंडणी मागू नये, वारस बसताना नजराणा घ्यावा आणि लगाम ठाण्यात ठेवावा, हा हिशेब स्वस्त पडला. मेहुण्यांनी येथे आपल्या खात्याचा अनुभव जोडला. नजराण्याची रक्कम मोठी की लहान हा प्रश्न गौण असतो, असे ते म्हणाले. वारस कायदेशीर आहे की नाही हे ठरवायचा अधिकार कोणाकडे, हे त्या पावतीवरून सिद्ध होते.

लगाम सैल सोडला की काय होते आणि आवळला की काय होते, हे पाहायला जव्हारपासून दूर जावे लागत नाही. मोखाड्याच्या पलीकडे, आजच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ नावाचे असेच एक डोंगरी संस्थान होते. तिथले दळवी घराणे मोगल काळात मुसलमान झालेले. १८५७ च्या डिसेंबरात त्या मुलखात उठाव झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि राजघराण्यातले भगवंतराव यांना इंग्रजांनी फाशी दिली. गादीवर शेवटी एक बेगम राहिली. १८७८ मध्ये तिचे निधन झाल्यावर संस्थान संपले आणि पेठ हा नाशिक जिल्ह्याचा एक तालुका झाला. जव्हारचे मुकणे त्याच काळात, तशाच जंगलात, तशाच प्रजेवर राज्य करत होते, आणि ते टिकले. १८५७ नंतर दत्तकाच्या कारणावरून संस्थाने बुडवण्याचे धोरण इंग्रजांनी सोडून दिले होते, ही त्यांच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. शिवाय जव्हारने उठावाच्या काळात इंग्रजांना त्रास होईल असे काही केले नाही. पेठचा इतिहास वाचल्यावर या शांतपणाला भ्याडपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेजारचा फास दिसत असताना घेतलेला तो निर्णय होता.

जव्हारचे राजे चौथे पतंगशाह १८६५ पासून १९०५ पर्यंत गादीवर होते. चाळीस वर्षांची ही कारकीर्द म्हणजे संस्थानाचे खरे रूपांतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याच्या कचेरीला अशी संस्थाने हवी होती ज्यांचा जमाखर्च वेळेवर येतो, जिथे शाळा आणि दवाखाना आहे, जंगलाची तोड ठरवून होते आणि रस्ते रेल्वेच्या दिशेने जातात. ३१० चौरस मैलांच्या जव्हारची १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७,५३८ होती. गावे शंभराच्या वर, शहर एकच. संस्थानाची खरी संपत्ती म्हणजे साग आणि इतर इमारती लाकूड. पश्चिमेकडून मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे गेल्यावर ते उतरवून विकणे सोयीचे झाले. म्हणजे ज्या डोंगराने गादी राखली, त्याच डोंगरावरच्या झाडांनी तिचा खर्च चालवला. झाडे तोडणारे, वाहून नेणारे आणि बिनमोबदला वेठीला धरले जाणारे हात वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी यांचे.

येथे माझे आणि मेहुण्यांचे थोडे वाजले. त्यांचे म्हणणे असे की राजा स्वतः आदिवासी समाजातला होता, तेव्हा इंग्रजी मुलखातल्या सावकार-जमीनदारांपेक्षा त्याच्या राज्यात माणसाला काहीतरी बरे दिवस असणार. मला हे पटले नाही. विक्रमगडच्या वायव्येला तलवाडा हे गाव आहे. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव आणि डहाणू भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणी, झाडतोडीच्या मजुरीसाठी लढा उभारला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण मृत्युमुखी पडले, जेठ्या गांगड त्यांतले एक. हे सारे इंग्रजी मुलखात घडले हे खरे. पण संस्थानाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना तीच जमात, तेच जंगल आणि तीच पावसाळ्यातली उपासमार होती. राजा आपल्यासारखा दिसतो याने पोट भरत नाही. मेहुण्यांनी त्यावर एवढेच म्हटले की संस्थानात गोळीबाराचा हुकूम द्यायला निदान ठाण्याला विचारावे लागले असते. हा मुद्दा मी अजून खोडू शकलेलो नाही.

जव्हार गाव छोटे आहे, पण ते खेडे वाटत नाही. सुमारे चौदाशे-पंधराशे फुटांवरची हवा, आखलेले रस्ते, जुना राजवाडा, तलाव आणि १९१८ पासूनची नगरपालिका. शंभर वर्षांहून जुनी नगरपालिका महाराष्ट्रातल्या कित्येक मोठ्या गावांनाही नाही. राजधानी असण्याचा हा फायदा आहे. संस्थान नसते तर येथे एखादा वनखात्याचा बंगला आणि आठवड्याचा बाजार, एवढेच राहिले असते असे मला वाटते. बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांचे मुखवटे घालून नाचण्याची या भागातली प्रथाही दरबाराच्या आश्रयाने जव्हारात अधिक थाटाची झाली. बाजारात नागलीचे पापड आणि वरईचे तांदूळ घेतले. विकणाऱ्या बाईंना राजवाड्याचा रस्ता विचारला तेव्हा त्यांनी उलट विचारले, "दादा, जुना का नवा?"

नवा राजवाडा म्हणजे जयविलास. गावाबाहेर झाडीत, उंचवट्यावर, दगडी बांधणीचा, पाश्चात्त्य धाटणीच्या दर्शनी भागावर देशी घुमट चढवलेला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी तो उभारला. त्याकडे बघताना मला सर्वांत आधी त्याच्या काळाचे नवल वाटले. यशवंतरावांचा जन्म १९१७ चा. वडील वारले तेव्हा ते दहा वर्षांच्या आतबाहेर होते. १९३८ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळेपर्यंत आई राजमाता प्रियंवदा यांच्या नावाने कारभार चालला. राजा अल्पवयीन असण्याचा काळ हा इंग्रजांच्या दृष्टीने नेहमीच सुगीचा; त्या काळात दिवाण कोण असावा, राजपुत्राने कुठे शिकावे, तिजोरीतले पैसे कशावर लागावेत हे सारे वरून ठरवता येई. एकोणिसाव्या शतकातही जव्हारला ही वेळ आली होती आणि राणीने कारभार पाहिला होता. त्या मानाने यशवंतरावांच्या हाती सत्ता आली ती केवळ दहा वर्षे, आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्या महायुद्धात गेली. त्यांनी स्वतः हिंदी हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट म्हणून काम केले. नऊ तोफांच्या सलामीचा मान असलेला एक महादेव कोळी राजा, हवाई दलाच्या गणवेशात, आणि मागे बांधून होत असलेला राजवाडा: संस्थानी भारताच्या अखेरच्या दशकाचे याहून चमत्कारिक चित्र मला सुचत नाही.

दरम्यान ठाण्याशी असलेली दोरी कापली गेली होती. संस्थानांचा संबंध प्रांतिक सरकारांऐवजी थेट हिंदुस्थान सरकारशी असावा, असे धोरण पहिल्या महायुद्धानंतर ठरले. त्यानुसार १९३३ मध्ये जव्हार हे बडोदा आणि गुजरात संस्थाने एजन्सीत गेले. कागदोपत्री ही बढतीच. ठाण्याच्या कलेक्टरऐवजी आता थेट व्हाइसरॉयच्या हाताखालचा अधिकारी राजाशी बोलणार होता. पण मराठी बोलणारे, ठाणे जिल्ह्याने तिन्ही बाजूंनी वेढलेले हे राज्य दप्तरात गुजरातच्या रकान्यात जाऊन बसले, हा प्रकार मजेशीरच आहे. तो फार दिवस टिकला नाही. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, जव्हार ठाणे जिल्ह्याचा तालुका झाला आणि कागद पुन्हा कोर्टनाक्याला येऊ लागले. यशवंतराव पुढे लोकसभेवर निवडून गेले. राजा म्हणून ज्या प्रजेपुढे त्यांना कधी मत मागावे लागले नव्हते, तिच्याकडे खासदारकीसाठी ते मागायला गेले आणि लोकांनी ते दिले.

विलीनीकरणानंतरच्या जव्हारबद्दल लिहिताना हात अडखळतो. १९९२-९३ मध्ये तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली तेव्हा हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले, मंत्र्यांच्या गाड्या आल्या आणि जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा त्याचे मुख्यालय जव्हारलाच असावे अशी येथील लोकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

बसस्थानकाजवळ चहा घेताना शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी हा विषय निघाला. आम्ही ठाण्याचे आहोत हे कळल्यावर ते हसून म्हणाले, "म्हणजे आमचे जुने साहेब तुम्ही." मेहुण्यांनी आपली नोकरी कोणत्या खात्यात झाली हे सांगण्याचे शहाणपणाने टाळले. पालघर ठाण्यापेक्षा तरी जवळ पडत असेल ना, असे मी विचारले.

"जवळ पडतं की," ते म्हणाले. "पण गाडी सकाळची धरली तरी काम होऊन परत येईस्तोवर अंधार पडतो. आधी ठाण्याला जाऊन मुक्काम करायचो, आता मुक्काम वाचतो. सातबाराला मात्र तेवढेच दिवस लागतात."

मेहुण्यांनी लगेच कोणते कागद, कोणत्या टेबलावर अडले आहेत याची चौकशी सुरू केली, खिशातून पेन काढून अर्जाचा मसुदा चहाच्या बिलामागे लिहून दिला, आणि आमची मोखाडा, खोडाळा करून कसाऱ्याला उतरण्याची वेळ टळून गेली. विक्रमगडच्याच रस्त्याने परत फिरलो.